अब्बांची सायकल आणि शंभर रुपयांचा स्टँप

(कळमनुरी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वकील असलो तरी आज कलमांपासून सुरुवात करणार नाही. आधी एक कागद दाखवतो. मागच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून वाचून दाखवतो. शंभर रुपयांचा स्टँप आहे, साल २००९. त्यावर लिहिलंय की सदर इसम सायकलवरून जात असताना स्वतःच्या चुकीने कारला धडकला, कारचालकाची कोणतीही चूक नाही, माणुसकीच्या नात्याने त्याला बारा हजार रुपये रोख मिळाले, यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही. खाली अंगठा आहे. अंगठा माझ्या अब्बांचा आहे. त्यांना सही येते, उर्दूतही आणि मराठीतही. पण त्या दिवशी उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला.

अब्बा सायकलवर टोस्ट, खारी आणि नानकटाई विकायचे. फजरनंतर बेकरीतून माल भरायचा, कॅरिअरवर पत्र्याची पेटी, हँडलला दोन पिशव्या, आणि आखाडा बाळापूरच्या बाजूची खेडी करायची. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. कारने त्यांना मागून धडक दिली. मागून, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पेटी रस्त्याच्या पलीकडे पडली, अब्बा अलीकडे. मांडीचं हाड आणि मनगट मोडलं. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो.

चौथ्या दिवशी मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग आणि कारवाल्यांच्या बाजूचा एक माणूस असे दवाखान्यात आले. "भाईसाब, पुलिस के चक्कर में मत पडो, तारीखों पे तारीख लगेगी." आमच्या अम्मीलाही तेच वाटलं. आपल्यापैकी किती घरांत पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की पोटात गोळा येतो, हे मी इथे सांगायला नको. बारा हजार मोजून दिले. ऑपरेशनला त्याच्या चौपट लागले. अम्मीच्या कानातलं गेलं. अब्बांचा पाय दीड इंचाने आखूड झाला आणि पायडल मारणं कायमचं बंद झालं.

अम्मी कानातल्यासाठी रडली. अब्बांना पैशाचं तितकं लागलं नाही. त्यांना "स्वतःच्या चुकीने" हे शब्द लागले. वीस वर्षं त्या रस्त्याच्या कडेकडेने, पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून सायकल चालवलेला माणूस. तो मला म्हणाला, "बेटा, मैंने झूट पे अंगूठा दिया."

मी २०१८ साली काळा कोट घातला आणि सगळ्यात आधी हाच कागद काढला. तेव्हा मोटार वाहन कायद्यात दावा करायला मुदतीची अट नव्हती, नऊ वर्षांनीही दावा करता आला असता. असा कागद दिला म्हणून दावा आपोआप मरत नाही. पण माझ्या हातात होतं काय? एफआयआर नाही. कारचा नंबर कागदावर नाही, मुद्दामच लिहिला नसणार. आणि दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेलं होतं, "सायकलवरून पडून दुखापत". संपलं. त्या काळच्या कायद्यात चूक कोणाचीही असली तरी कायमच्या अपंगत्वाला पंचवीस हजार मिळत. आम्ही त्याच्या अर्ध्याहूनही कमी घेतले, आणि वर खोटं लिहून दिलं.

आता कायद्याकडे येतो.

सायकलवाल्यांच्या डोक्यात एक गैरसमज घट्ट बसलेला असतो. माझ्याकडे लायसन नाही, इन्शुरन्स नाही, हेल्मेट नाही, मग मला भरपाई कशी मिळणार? दोस्तांनो, सायकलला लायसन लागतच नाही, इन्शुरन्सही लागत नाही. कायद्याने सक्तीचं हेल्मेट मोटारसायकलवाल्याला आहे, सायकलवाल्याला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १४६ सांगतं की रस्त्यावर आणलेल्या प्रत्येक मोटारीचा 'थर्ड पार्टी' विमा असलाच पाहिजे. ही थर्ड पार्टी म्हणजे कोण? तुम्ही. पायी चालणारा, सायकलवाला, हातगाडीवाला. कारवाला दरवर्षी जो सक्तीचा हप्ता भरतो, तो तुमच्यासाठी भरतो. त्यामुळे भरपाई मागताना तुम्ही त्याच्या मुलांच्या तोंडचा घास काढत नाही. बहुतेक वेळा पैसे विमा कंपनी देते, आणि ते ज्या कामासाठी जमा केलेत त्याच कामाला जातात. विमा नसेल तर मात्र जबाबदारी मालकावर येते, आणि निकालाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

आता समजा, अपघात झाला. पहिला तास.

१०८ ला फोन करा, नाहीतर ११२ ला. दवाखान्याने "आधी पोलिसांना आणा, मग हात लावतो" असं म्हणायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की आधी जीव, मग कागद. तो दवाखाना सरकारी असो की खासगी. उचलून आणणाऱ्यालाही घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. नमाजला जाताना रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर थांबा. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातातल्या जखमीला, नेमलेल्या रुग्णालयात, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार. तिथे पोहोचलात की योजनेचं नाव घेऊन विचारा. विचारल्याशिवाय सांगणारे थोडे.

आता जे सांगतोय त्यावर सगळ्यांनी लक्ष द्या, कारण माझ्याकडे येणारे निम्मे दावे इथेच लंगडे होतात.

रात्री दहा वाजता जखमीला कॅज्युअल्टीत आणतात. डॉक्टर विचारतात, काय झालं? घाबरलेला भाऊ सांगतो, "साइकल पे से गिरे साब." त्याच्या मनात काही खोट नसते, आपली बोलीच तशी आहे. डॉक्टर लिहितात, सायकलवरून पडला. हे एमएलसीच्या कागदावर जातं. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, "पहिल्या कागदात कारचा उल्लेख कुठे आहे?" तो त्याचं काम करतोय. त्याच्या हातात तो कागद आपण दिलेला असतो. म्हणून पहिलंच वाक्य पूर्ण बोला: "अमुक रंगाच्या कारने मागून धडक दिली, नंबर अमुक." नंबर माहीत नसेल तर "अनोळखी कारने धडक दिली." डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. सोबत कोणी नसेल आणि जखमी बेशुद्ध असेल तर शुद्धीवर आल्याबरोबर जबाबात हे सांगा. अब्बांच्या कार्डावर कारचा तो एक शब्द असता तर २०१८ मध्ये मी काहीतरी करू शकलो असतो.

सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नका. वाकलेली मागची रिम आणि फुटलेलं मागचं मडगार्ड सांगतं की धडक मागून बसली. जवळ उभ्या असलेल्या मुलाला फोटो काढायला सांगा. सायकल कुठे पडली, कार कुठे थांबली, काचेचे तुकडे कुठे आहेत, नंबर प्लेट. पंचनाम्याच्या वेळी घरचं कोणीतरी जागेवर हजर असू द्या.

एफआयआर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे. हद्द आमची नाही म्हणून पोलीस परत पाठवू शकत नाहीत, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. नोंदच घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोस्टाने चालते. त्यानेही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी आहेत. बेदरकार चालवणं, गंभीर दुखापत करणं, निष्काळजीपणाने जीव घेणं, यासाठी न्याय संहितेत कलमं २८१, १२५ आणि १०६ आहेत. मात्र फौजदारी खटला आणि भरपाई हे दोन वेगळे रस्ते आहेत. चालक फौजदारीत सुटला तरी भरपाई मिळू शकते, कारण तिथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त खरी वाटते एवढंच पाहतात.

पोलिसांचंही काम ठरवून दिलेलं आहे. २०२२ पासूनच्या नियमांनुसार ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या राज्यांना बजावलंय. म्हणून ठाण्यात भीक मागायला आल्यासारखं उभं राहू नका. "साहेब, सविस्तर अहवाल कधी जाणार?" एवढं अदबीने विचारा. अहवाल हा शब्द ऐकला की समोरच्याची बसण्याची पद्धत बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या जिल्ह्यातून अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि वारंगा फाट्यावर ३६१ त्याला मिळतो. म्हणजे धडक देणारी गाडी एमएच-३८ चीच असेल असं नाही. नांदेडची एमएच-२६ असेल, वाशीमची ३७ असेल, तेलंगणाची असेल. लोक मला विचारतात, वकीलसाहेब, हैदराबादला जावं लागेल का? नाही. कलम १६६ नुसार अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता वा धंदा करता तिथेही दावा करता येतो.

आणि गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही तर? तरीही हात झटकायचे नाहीत. कलम १६१ आणि २०२२ ची योजना आहे. मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर दुखापत झाली तर पन्नास हजार. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा नोंदवल्यापासून महिनाभरात गाडी सापडली नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची. तुमच्या ओळखीच्या किती घरांना असं पत्र आलंय? हात वर करा. … बरं.

गाडी माहीत असेल तर दोन वाटा आहेत. एक कलम १६४. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. दुसरी वाट कलम १६६. इथे चालकाची चूक दाखवावी लागते, पण रक्कम तुमच्या खऱ्या नुकसानीवर ठरते. पहिली वाट जवळची आहे म्हणून घाईने धरू नका. १६४ खालची रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. आधी हिशेब करा.

हिशेब मी फळ्यावरच करतो. समजा पंक्चरचं दुकान चालवणारा २८ वर्षांचा तरुण आहे. महिन्याची कमाई नऊ हजार, म्हणजे वर्षाला १,०८,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून, स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, त्यात ४० टक्के मिळवायचे. हे प्रणय सेठी खटल्यात २०१७ ला ठरलंय. झाले १,५१,२००. आता वयाचा गुणक. सरला वर्मा खटल्यातला २००९ चा तक्ता आहे, २६ ते ३० वयाला १७. गुणा: २५,७०,४००. आता त्याची कमाईची ताकद किती गेली? न्यायाधिकरणाने ४० टक्के धरली तर १०,२८,१६०. दवाखान्याचा खर्च, औषधं, दुखणं सोसलं त्याचे, सेवेला माणूस ठेवला त्याचे पैसे वेगळे. आणि आपल्याकडे ही तडजोड चहाच्या टपरीवर वीस हजारात होते.

या हिशेबात "कमाईची ताकद" हा शब्द सगळ्यात मोलाचा. सर्टिफिकेटवरचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार खटल्यात उदाहरण दिलंय. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास सगळीच गेली. कर्नाटकातल्या एका भाजी विकणाऱ्या तरुणाचा उजवा पाय गेला, तेव्हा २०१४ मध्ये न्यायालयाने त्याचं कमाईचं नुकसान ८५ टक्के धरलं, आणि उत्पन्नाचा कागद नसतानाही महिना साडेसहा हजार उत्पन्न मान्य केलं. माझ्या अब्बांसाठी पाय म्हणजे दुकानच होतं. मांडी मोडलेला प्रोफेसर शिकवू शकतो, मांडी मोडलेला टोस्टवाला घरी बसतो. म्हणून जबाब देताना "मजुरी करतो" एवढंच सांगू नका. रोज किती किलोमीटर, किती खेडी, किती ओझं, ते सगळं सांगा.

कमाईचा पुरावा कुठून आणायचा? बेकरीवाल्याची वही, ज्याच्याकडून माल उचलता त्याच्या चिठ्ठ्या, फोनवरच्या पेमेंटचा तपशील, बचत गटाचं पासबुक. आणि ज्यांना रोज माल देता त्यांच्यापैकी दोन साक्षीदार. हळदीच्या हंगामात वसमत-हिंगोलीला हमाली करणाऱ्यांनी अडत्याकडची नोंद मागून ठेवा.

चुकीबद्दलही खरं बोलू या. सायकलवाला दर वेळी निर्दोष नसतो. मुंबईत अठरा वर्षांच्या एका सायकलस्वाराचा बेस्टच्या बसखाली मृत्यू झाला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मुलाचीही चूक मानली आणि भरपाईतून २५ टक्के कापले. कापले, पण बाकी दिले. तुमची थोडी चूक होती म्हणजे सगळं गेलं असं होत नाही. नेदरलँड्समध्ये तर कायदाच उलटा आहे. मोटारीने सायकलवाल्याला धडक दिली तर अपघात टाळणं अशक्यच होतं हे मोटारवाल्याने सिद्ध करायचं, नाहीतर सायकलस्वाराची चूक असली तरी निम्मी भरपाई सहसा द्यावीच लागते, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पूर्ण. आपल्याकडे तसं नाही. म्हणून मागे लाल रिफ्लेक्टर लावा, चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो. रात्री बिनदिव्याची, उलट्या बाजूने सायकल चालवणं सोडा. मानव विकास कार्यक्रमात आपल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या मुलींच्या भावांनो, त्या सायकलींना रिफ्लेक्टर आहेत का ते आज घरी जाऊन पाहा.

मुदत. १ एप्रिल २०२२ पासून कायदा म्हणतो की दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नयेत. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर झोपू नका. मांडीचं हाड जुळायलाच चार-पाच महिने जातात, आणि लोक म्हणतात आधी बरा होऊ दे. बरा होऊ द्या, पण दावा आधी दाखल करा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नंतर जोडता येतं.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, मुलं, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. फोन १५१००. आणि दवाखान्याच्या गेटवर जे लोक "तीस टक्के द्या, सगळं मी बघतो" म्हणून कार्ड देतात, त्यांच्यापासून लांब राहा. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलाला नियमाने मना आहे. कोऱ्या कागदावर सही कोणालाच देऊ नका. मलाही नाही.

एक गोष्ट आपल्या घरातली. मागच्या वर्षी एका अम्मांचा सायकलवर जाणारा मुलगा गेला. त्या म्हणाल्या, "बच्चे के खून का पैसा मैं नहीं खाऊंगी." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हणालो की चुकून झालेल्या मृत्यूसाठी वारसांना दियत देण्याचा हुकूम सूरह निसामध्ये आहे, आणि माफ करण्याचा हक्कही वारसांचाच आहे. माफ करायचं तर चालकाला मनापासून करा. पण तुमची सून आणि दोन नातवंडं आहेत, त्यांचा हिस्सा माफ करण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला? त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग कपाटातून एफआयआरची प्रत काढून आणली. दावा चालू आहे, पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

आज अब्बा इथे आलेत, शेवटच्या ओळीत खुर्चीवर बसलेत. त्यांना विचारूनच हा स्टँप आणला. ते म्हणाले, "दिखा दे, पर बोल देना कि गाडी पीछे से आई थी." तर बोलतोय: गाडी मागून आली होती.

असरनंतर मी समोरच्या ओट्यावर बसतो. ज्याच्या घरात असा कागद आहे, दवाखान्याचं कार्ड आहे, त्याने घेऊन यावं. तारीख जुनी असली तरी आणा, आणि तारीख सहा महिन्यांच्या जवळ आली असेल त्याने रांगेत पुढे यावं.